निवडणं, निवडून घेणं आणि निवडून बसणं

सुरुवातीलाच एक कबुली देते. संपादक मंडळाने मराठी विभागासाठी माझं नाव सुचवलं तेव्हा आमच्या विंगमध्ये मोठा हशा पिकला. कारण मी कॉन्व्हेंटची. अडुसष्ट म्हणजे नक्की किती, हे मला अजूनही मनात मोजावं लागतं, आणि हॉस्टेलवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मेसच्या मावशींना "मला भूक आली" असं सांगितलं होतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय इंग्रजीचा असला तरी लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्यांच्यासाठी तो लिहिला आहे त्यांना इंग्रजी व्याकरण इंग्रजीतून समजावण्यात काही अर्थ नाही.

आता लेखाचं कारण. माझी रूममेट बार्शीकडची. सगळी विंग तिला आक्का म्हणते. एक तर डिप्लोमा करून ती डायरेक्ट सेकंड इयरला आली, त्यामुळे आमच्यापेक्षा थोडी मोठी. दुसरं म्हणजे कुणाला ताप आला, कुणाचं घरी फोनवर भांडण झालं, की पहिली टकटक आमच्याच दारावर. दहावीपर्यंत तिचं मराठी माध्यम. सर्किट समजावून सांगायला लागली की ऐकत राहावं, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसते.

मागच्या सेमिस्टरला इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू होते. आदल्या रात्री ती उत्तरं पाठ करत होती. "तुम्ही हीच ब्रँच का घेतली?" हा प्रश्न तर हमखास येणार. वहीतून डोकं वर काढून तिने विचारलं, "अगं, 'सेटल ऑन' आणि 'सेटल फॉर' यांत फरक काय गं?" मी मोबाइलवर होते. मान वर न करता म्हणाले, "सेमच आहे गं, काहीही म्हण."

दुसऱ्या दिवशी तिने समोरच्या माणसाला सांगितलं, "आफ्टर डिप्लोमा, आय सेटल्ड फॉर इलेक्ट्रिकल." त्याने लगेच विचारलं, मग तुम्हाला खरं काय हवं होतं? आक्काला प्रश्नच कळेना. तिला इलेक्ट्रिकलच हवं होतं! ती गोंधळली, पुढची तीन उत्तरं गोंधळात गेली. संध्याकाळी यादी लागली, तिचं नाव नव्हतं. रात्री मेसमध्ये तिने मला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी चुकीचं काय बोलले गं?"

एका शब्दामुळे इंटर्नशिप गेली असं मी म्हणणार नाही, बाकी कारणंही असतील. पण ती गोंधळली कुठे हे मला तिथल्या तिथे, आमटीच्या वाटीसमोर कळलं. तिला ते सांगायला मात्र मला तीन दिवस लागले.

सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "पण 'फॉर' म्हणजे 'साठी' ना? मला वाटलं, इलेक्ट्रिकलसाठी मी पक्की झाले." जरा थांबून म्हणाली, "तुला इंग्लिश येतं गं, पण तुला ते माहीत नाही." हे मला लागलं, कारण ते खरं होतं. आम्ही कॉन्व्हेंटवाले कानाने बोलतो. काय बरोबर ते सांगतो, का बरोबर ते सांगता येत नाही, आणि मग "सेमच आहे" म्हणून मोकळे होतो. त्यानंतर महिनाभर रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास आम्ही दोघी एक वही घेऊन बसलो. त्या वहीतून हा लेख निघाला.

१. हे प्रकरण आहे तरी काय?

इंग्रजीत एक साधं क्रियापद घ्यायचं, त्याला 'आउट', 'अप', 'ऑन', 'फॉर' असा एखादा लहानसा शब्द जोडायचा, की अर्थ बदलतो. 'टर्न' म्हणजे वळणे, 'टर्न डाउन' म्हणजे नकार देणे. वळण्याचा आणि नकाराचा संबंध काय? अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव छापलं गेलं ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात. पण दुखणं जुनं आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी मान्य केलं आहे की क्रियापदामागे लागणाऱ्या या लहान शब्दांचा परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणजे आपण अडखळतो त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शिवाय, "असलं काही आपल्या मराठीत नाही" असं मी म्हणाले तेव्हा आक्काने मला गप्पच केलं. तिने वहीत एका 'निवडणे'खाली ओळीने लिहिलं:

निवडून घेणे – स्वतःसाठी चांगलं ते उचलणे.
निवडून देणे – दुसऱ्यासाठी निवडणे, आणि मतदान करून प्रतिनिधी पाठवणे.
निवडून येणे – निवडणूक जिंकणे.
निवडून काढणे – नको ते बाजूला करणे.
निवडून टाकणे – काम एकदाचं उरकणे.
निवडून बसणे – निवडलं खरं, आणि आता पस्तावा!

एकच 'निवडणे', पण मागे कोणतं क्रियापद लागतं त्यावर सगळं अवलंबून. इंग्रजीत जे काम 'आउट', 'ऑन', 'फॉर' करतात, ते आपल्याकडे 'घेणे', 'काढणे', 'बसणे' करतात. कुणी मराठी शिकणाऱ्याने "आमच्या वॉर्डातून ताई निवडून बसल्या" असं म्हटलं तर आपल्याला हसू येईल. 'सेटल्ड फॉर इलेक्ट्रिकल' ऐकून समोरच्याच्या भुवया उंचावल्या त्या अशाच.

म्हणून पहिला नियम: लहान शब्दाचं वेगळं भाषांतर करू नका. 'फॉर' म्हणजे 'साठी' हे बरोबर, पण जोडीत बसल्यावर ते त्या जोडीचं झालं. जोडी एकत्रच पाठ करायची, वाक्यासकट.

२. ढीग समोर आहे: पिक आउट, पिक ओव्हर, सिंगल आउट

मेसच्या मावशी दुपारी निवडायला बसतात तेव्हा कधी बघितलंय का? तांदूळ निवडताना हाताने खडा उचलला जातो आणि तांदूळ ताटात राहतो. मेथी निवडताना हाताने पान खुडलं जातं आणि काडी टाकून दिली जाते. दोन्हीला आपण 'निवडणे'च म्हणतो, पण हातात येतं ते एकदा नको असलेलं आणि एकदा हवं असलेलं! मावशींनीच हे माझ्या लक्षात आणून दिलं. मी खडे वाटीत आणि तांदूळ ताटात ठेवत होते तोवर ठीक होतं, मग मेथीच्या काड्याही मी नीट वाटीत जमवायला लागले.

इंग्रजीत यासाठी वेगवेगळ्या जोड्या आहेत.

'पिक आउट' – ढिगातून हवं ते हेरून काढणे. "शी पिक्ड आउट अ ग्रीन कुर्ता." दुकानातल्या पन्नासातून तिने हिरवा कुर्ता काढला. गर्दीत ओळखीचा चेहरा शोधून काढण्यालाही हेच म्हणतात.

'पिक ओव्हर' – एकेक दाणा बघून नको ते काढणे. इंग्रजी पाककृतीत डाळ धुण्याआधी हेच करायला सांगतात. म्हणजे आपलं डाळ-तांदूळ निवडणं.

'सिंगल आउट' – अनेकांतून एकालाच वेगळं काढणे. हे कौतुकासाठीही असतं आणि बोलणी खाण्यासाठीही. "द टीचर सिंगल्ड हर आउट" एवढंच ऐकलं तर टाळ्या वाजवायच्या की सांत्वन करायचं, ते पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय ठरवू नका.

आणि एक धोक्याची सूचना. 'पिक ऑन' याचा निवडीशी काही संबंध नाही. 'पिक ऑन' म्हणजे एखाद्याच्या मागे लागणे, त्याला छळणे. आमच्या क्लबमधल्या एका ज्युनियरची टीममध्ये निवड झाली. बिचारीने आभाराचा मेल लिहिला, "थँक यू फॉर पिकिंग ऑन मी." म्हणजे, मला छळल्याबद्दल धन्यवाद! अँटी-रॅगिंग कमिटीच्या हाती तो मेल लागला असता तर आम्हा सगळ्यांची खैर नव्हती.

३. गळती: वीड आउट, रूल आउट, नॅरो डाउन, टर्न डाउन

निवड म्हणजे अर्धं काम टाकून देण्याचं. या गटात दोन लहान शब्द सारखे येतात. 'आउट' म्हणजे बाहेर, आणि 'डाउन' म्हणजे कमी करत खाली.

'वीड आउट' – शेतात तण काढणे त्यावरून. नको असलेले काढून टाकणे. ॲप्टिट्यूड टेस्ट असते ती यासाठीच.

'रूल आउट' – एखादी शक्यताच बाद करणे. यात एक गंमत आहे. माणसाला वीड आउट करतात, शक्यतेला रूल आउट करतात. मोटर चालू होत नाही तेव्हा आधी फ्यूज तपासायचा. फ्यूज ठीक असेल तर "वी कॅन रूल आउट द फ्यूज." आमच्या लॅबमध्ये हे वाक्य रोज वापरता येईल. डॉक्टरही आजार असाच एकेक करून बाद करतात.

'नॅरो डाउन' – यादी छोटी करत आणणे. कितीवर आली ते 'टू' लावून सांगतात. "आय नॅरोड इट डाउन टू थ्री कॉलेजेस." तीन कॉलेजांवर आणलं. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना आपण सगळ्यांनी हेच केलंय. लांबलचक यादी, हातात पेन, आणि मागे उभे असलेले बाबा.

'टर्न डाउन' – समोरून आलेल्या गोष्टीला नकार देणे. नोकरी, लग्नाचं स्थळ, अर्ज, काहीही. लक्षात ठेवा, आधी कुणीतरी काहीतरी पुढे केलेलं असलं पाहिजे. जे कुणी दिलंच नाही ते टर्न डाउन करता येत नाही.

'पास अप' आणि 'पास ओव्हर' – दिसायला बहिणी, पण स्वभाव उलटे. 'पास अप' म्हणजे चालून आलेली संधी आपणच सोडून देणे. 'पास ओव्हर' म्हणजे आपल्याला वगळून दुसऱ्याला पुढे करणे. "शी वॉज पास्ड ओव्हर फॉर प्रमोशन." बढतीत तिला डावललं. एकात सोडणारे आपण, दुसऱ्यात सोडलेले आपण.

४. घोळ: वे अप, थिंक ओव्हर, स्लीप ऑन, टॉर्न बिटवीन

'वे अप' – तराजूत घालून बघणे, दोन्ही बाजू तोलणे. फायदे-तोटे मांडायचे तेव्हा हे.

'थिंक ओव्हर' आणि 'मल ओव्हर' – विचार करणे. 'थिंक ओव्हर' निर्णय घेण्याआधी नीट विचार करण्यासाठी, तर 'मल ओव्हर' म्हणजे बराच वेळ मनात घोळवणे. गवारीची भाजी आहे की नाही हे थिंक ओव्हर करायची गरज नाही, वासाने कळतं.

'स्लीप ऑन' – "लेट मी स्लीप ऑन इट." याचा अर्थ त्यावर झोपणे नाही! आजची रात्र जाऊ दे, उद्या सांगते, एवढाच. आपल्याकडे आजी म्हणते तेच, रात्री काही ठरवू नये.

'लीन टुवर्ड्स' – मन एका बाजूला झुकतंय, पण अजून पक्कं नाही.

'बी टॉर्न बिटवीन' – दोन्ही हवंसं वाटतंय आणि जीव मध्ये ओढला जातोय. गेट द्यायची की नोकरी धरायची? थर्ड इयरच्या विंगमध्ये रात्री बारानंतर हा एकच विषय असतो.

'कम डाउन टू' – शेवटी सगळं कशावर येऊन ठेपलं? "इट केम डाउन टू फीज." बाकी सगळ्या चर्चा झाल्या, पण ठरलं ते फीवर. अनेक घरांत असंच ठरतं, हे वाक्य सगळ्यांनी शिकून ठेवावं.

५. निकाल: डिसाइड ऑन, गो फॉर, ऑप्ट फॉर, प्लंप फॉर, आणि आमच्या त्या दोघी

'डिसाइड ऑन' – साधं, सरळ, कुठेही चालणारं 'ठरवणे'. याच्या उलट 'डिसाइड अगेन्स्ट'. विचार करून न करायचं ठरवलं तर हे.

'गो फॉर' – बोलीभाषेतलं. हॉटेलात, दुकानात, मैत्रिणींत. "आय विल गो फॉर द मसाला डोसा." पण सावधान, 'द डॉग वेंट फॉर मी' म्हणजे कुत्र्याने मला निवडलं असं नाही, माझ्यावर धावून आलं!

'गो विथ' – समोर आलेला पर्याय किंवा कुणाचा सल्ला मान्य करून पुढे जाणे. "लेट अस गो विथ युअर डिझाइन."

'ऑप्ट फॉर' – थोडं औपचारिक, अर्जात आणि रिपोर्टमध्ये शोभणारं. मूळ लॅटिन 'ऑप्टारे', म्हणजे इच्छिणे, निवडणे. 'ऑप्शन' त्याच कुळातला आणि 'ॲडॉप्ट' सुद्धा, म्हणजे आपलं म्हणून निवडून घेणे, दत्तक घेणे. 'ऑप्ट इन' म्हणजे सामील व्हायचं ठरवणे, 'ऑप्ट आउट' म्हणजे बाहेर राहायचं ठरवणे.

'प्लंप फॉर' – बराच वेळ घुटमळून शेवटी एकावर धप्पकन बसणे. ब्रिटिश इंग्रजीत जास्त. यामागे इंग्लंडच्या जुन्या निवडणुकांची गोष्ट आहे. काही मतदारसंघांतून दोन प्रतिनिधी जायचे आणि मतदाराला दोन मतं असायची. ज्याला एकच उमेदवार जिंकायला हवा असे, तो एकच मत द्यायचा आणि दुसरं वापरायचाच नाही. याला 'प्लंप' करणं म्हणत.

आता 'सेटल ऑन' आणि 'सेटल फॉर'.

'सेटल ऑन' – बराच विचार केला, बाकीचे पर्याय बघितले, आणि एकावर मन स्थिर झालं. पाखरू फिरून फिरून एका फांदीवर बसतं तसं. यात समाधान आहे.

'सेटल फॉर' – हवं होतं ते मिळालं नाही, म्हणून मिळालं त्यावर भागवणे. यात तडजोड आहे. पनीर संपलं म्हणून डाळीवर भागवलं, तर "वी सेटल्ड फॉर दाल." पनीर न सांगताही ऐकणाऱ्याला कळतं की दुसरं काहीतरी हवं होतं. म्हणूनच त्या इंटरव्ह्यूमध्ये तो प्रश्न आला. विचारणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

तडजोडीलाही पर्याय नसतो तेव्हा काय? त्यालाही इंग्रजीत नाव आहे, हॉब्सनची निवड. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा घोडे भाड्याने देणारा माणूस, १६३१ साली वारला. त्याचा नियम असा की दाराजवळचा घोडाच घ्यायचा, नाहीतर चालत जायचं. चांगल्या घोड्यांवर सारखा ताण पडू नये म्हणून त्याने ही युक्ती काढली होती म्हणतात. मेसच्या भाजीला आमच्या विंगमध्ये आता हेच नाव पडलंय. (रेक्टर मॅडम, हे गमतीने!)

६. निवडीनंतर: स्टिक विथ, बॅक आउट, फॉल बॅक ऑन

निवडून झालं म्हणजे संपलं असं नाही. 'स्टिक विथ' म्हणजे घेतलेलं न सोडता धरून राहणे. 'बॅक आउट ऑफ' म्हणजे कबूल करून ऐनवेळी अंग काढून घेणे. ग्रुप प्रोजेक्टमध्ये हा प्राणी सगळ्यांना माहीत आहे. 'फॉल बॅक ऑन' म्हणजे पहिलं फसलं तर दुसऱ्याचा आधार घेणे. "आय हॅव टीचिंग टू फॉल बॅक ऑन." काही जमलं नाही तर शिकवण्याचं काम आहेच.

७. थोडं व्याकरण: 'इट' कुठे बसतं?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मार्क इथेच जातात. नामाऐवजी 'इट', 'हिम', 'देम' वापरायचं असेल तर काही जोड्या मधून फुटतात आणि काही फुटत नाहीत.

फुटणाऱ्या: 'पिक इट आउट', 'टर्न इट डाउन', 'रूल इट आउट', 'नॅरो इट डाउन', 'थिंक इट ओव्हर', 'वे इट अप'. इथे 'टर्न डाउन इट' म्हणणं चूक. नाम असेल तर मात्र दोन्ही चालतं, 'टर्न डाउन द ऑफर' आणि 'टर्न द ऑफर डाउन'.

न फुटणाऱ्या: 'सेटल ऑन इट', 'सेटल फॉर इट', 'गो फॉर इट', 'ऑप्ट फॉर इट', 'डिसाइड ऑन इट', 'स्लीप ऑन इट'. 'सेटल इट ऑन' असं कधीच नाही.

ओळखायचं कसं? कानाने. फुटणाऱ्या जोडीत सहसा जोर लहान शब्दावर पडतो: टर्न इट डा-उन. न फुटणाऱ्या या जोड्यांत जोर क्रियापदावर: गो फॉर इट, सेटल ऑन इट. मोठ्याने म्हणून बघा. आक्का हे बादलीत पाणी भरताना म्हणायची, एकदा डाउनवर जोर, एकदा सेटलवर. बाथरूमच्या रांगेतल्या मुलींना आधी वाटलं ती मंत्र म्हणतेय. नंतर त्याही म्हणायला लागल्या.

८. शेवटचं

वही भरत आली तेव्हा सरावासाठी आम्ही ठरवलं, दोघींनी आपापली ब्रँच कशी घेतली ते खरं खरं सांगायचं, योग्य जोडी वापरून.

आक्का आधी बोलली. तिच्या वडिलांच्या विहिरीवरची मोटर उन्हाळ्यात सारखी जळायची. व्होल्टेज कमी, कधी तीनपैकी एक फेज गेलेली. मोटर तालुक्याला रिवाइंडिंगला न्यायची, चार दिवस पाणी बंद, आणि तेवढ्यात उभं पीक माना टाकायचं. आठवीत असताना ती वडिलांबरोबर त्या दुकानात गेली आणि कारागीर तांब्याची तार कशी भरतो ते दिवसभर बघत बसली. दहावीनंतर घरच्यांनी दुसरं बरंच सुचवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि इलेक्ट्रिकललाच नाव घातलं. "सो, आय सेटल्ड ऑन इलेक्ट्रिकल." 'ऑन' म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं.

मग माझी पाळी. मीही इलेक्ट्रिकलचीच. मला कॉम्प्युटर हवं होतं. मार्क कमी पडले, हव्या त्या कॉलेजचा कटऑफ वर गेला, राउंड संपत आले, बाबा म्हणाले हे तरी घेऊन टाक. मी घेऊन टाकलं. तीन वर्षं मी सगळ्यांना ऐटीत सांगत आले की मी इलेक्ट्रिकल निवडलं. त्या रात्री पहिल्यांदा तोंडातून निघालं, "आय सेटल्ड फॉर इलेक्ट्रिकल." म्हणजे ते वाक्य इंग्रजी म्हणून चुकीचं नव्हतंच. ते माझं होतं, गेलं मात्र आक्काच्या तोंडून, आणि भोगलं तिने.

ती म्हणाली, "मग आता? निवडून बसलीस म्हणून रडत बसणार?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. पण या सेमिस्टरला पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये मी वेळ संपल्यावरही थांबते, कुणी सांगितलेलं नसताना. सुरुवात 'सेटल फॉर'ने झाली तरी पुढे 'स्टिक विथ' करता येतं, एवढं मला कळलंय. बाकीचं मी अजून थिंक ओव्हर करतेय.

आक्काचा पुढचा इंटरव्ह्यू गेल्या आठवड्यात झाला. तिने विहिरीवरच्या मोटरची गोष्ट सांगितली, मोडक्या-तोडक्या पण स्वतःच्या इंग्रजीत. यादी अजून लागायची आहे. यादीचं काहीही होवो, परत आल्यावर तिने दारातूनच ओरडून सांगितलं, "ऑन म्हणाले गं, ऑन!"

माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना एकच विनंती. कुणी फरक विचारला तर "सेमच आहे" म्हणू नका. माहीत नसेल तर "बघून सांगते" म्हणा. आणि मराठी माध्यमातल्यांना विनंती, विचारत राहा. तुम्ही विचारलंत म्हणून आम्ही शिकतो.

स्वाध्याय (उत्तरं खाली आहेत, आधी बघू नका!)

गाळलेल्या जागी योग्य जोडी घाला.

१. खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून मधल्या जागेवर भागवलं. "आय ____ द मिडल सीट."
२. चार विषयांतून प्रोजेक्टचे दोन विषय उरले. "वी ____ इट ____ टू टू टॉपिक्स."
३. सीनियरने मला छळलं. "अ सीनियर ____ मी."
४. ऑफर चांगली होती, पण तिने नाकारली. "शी ____ इट ____."
५. खूप चर्चेनंतर ट्रिपसाठी महाबळेश्वरवर एकमत झालं. "वी ____ महाबळेश्वर."
६. आज नको, उद्या सांगते. "लेट मी ____ इट."

उत्तरं: १. सेटल्ड फॉर २. नॅरोड – डाउन ३. पिक्ड ऑन ४. टर्न्ड – डाउन ५. सेटल्ड ऑन ६. स्लीप ऑन

सहापैकी सहा आले तर आमच्या रूमवर या, चहा आमच्याकडून. दोनच आले तरी या. वही आहेच.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी, मुलींचं वसतिगृह